सुट्टीवालीने मला सांगितलं नाही

सुट्टीवालीने मला फसवलं. माझ्याच दुकानात नोकरीला राहून, माझ्याच खर्चाने हॉटेलात जेवून आणि माझ्याच बायकोला सामील करून घेऊन तिने मला उन्हाळ्याचे दोन महिने फसवलं. फसवणूक पैशाची नव्हती. पैशाची असती तर मी तिला पहिल्याच दिवशी पकडलं असतं. माझ्या बायकोचे कान जात होते. ते त्या दोघींना ठाऊक होतं, मला नव्हतं. त्या उन्हाळ्यात बायकोने जे काही ऐकलं ते तिचं शेवटचं धड ऐकणं होतं. आज तिच्या मागे पितळी डबा पडला तरी ती मान वळवत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्या पोरीचं कौतुक करताना दिसेन आणि वाचणाऱ्याला वाटेल की याचा राग गेला. गेलेला नाही.

नाव तिचं चांगलं होतं, पण दुकानात ते कुणी घेत नसे. बाप इथेच बुऱ्हाणपुरात, राजपुऱ्यात राहणारा शाळामास्तर, ही इंदूरला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. मे महिन्यात घरी आली आणि दोन महिने काहीतरी काम करायचं म्हणून माझ्या साड्यांच्या दुकानात येऊन उभी राहिली. आमचा सेल्समन सुकलाल वीस वर्षांचा जुना. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "सेठ, ही पर्मनंट का सुट्टीवाली?" मी म्हटलं, सुट्टीवाली. तेच नाव पडलं. तिलाही ते आवडलं. फोन उचलून ती गिऱ्हाइकांना सांगायची, "हां जी, मी सुट्टीवाली बोलून राहिली, ती मोरपंखी तुमच्यासाठी वेगळी ठेवली आहे."

तिची एक सवय सगळ्यांच्या लक्षात यायची. ती कुणाला मागून हाक मारत नसे. दुकानाच्या या टोकाला ती असो आणि माणूस त्या टोकाला पाठमोरा बसलेला असो, ती उठायची, गाद्यांना वळसा घालून त्याच्या समोर जायची, त्याने वर पाहिलं की मग बोलायची. तेही सावकाश, एकेक शब्द सुटा करून. सुकलाल वैतागायचा. "अगं, तिथूनच ओरड ना. माझे काय कान फुटले?" ती म्हणायची, "माझे आजोबा बहिरे होते सुकलालभाऊ. घरात सवय पडली." मला ती सवय शहरी शिष्टाचार वाटली. गिऱ्हाइकांवर छाप पडते म्हणून मी बोललो नाही. आजोबांचं ते वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. माझे कान चांगले आहेत.

आता माझ्याबद्दल दोन ओळी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. हे दुकान मला कुणी दिलेलं नाही. मी सायकलच्या कॅरिअरला साड्यांचा गठ्ठा बांधून देडतलाईच्या, डोईफोडियाच्या बाजारात उन्हात उभा राहिलो आहे. शाळा सातवीपर्यंत. जे शिकलो ते भाव करताना शिकलो, आणि त्यातली मुख्य गोष्ट एकच: भाव करताना जो आधी तोंड उघडतो तो खाली येतो. समोरच्याला बोलू द्यायचं. तो गप्प बसला तर आपण त्याच्याहून जास्त गप्प बसायचं. त्या जोरावर मी सुरतेच्या व्यापाऱ्यांना घाम फोडला आहे. बाकी माझा स्वभाव तापट आहे, ते गावाला ठाऊक आहे. एका जागी बसणं मला जमत नाही. गल्ल्यावर बसलो तरी पाय हलत असतो.

पगाराची बोलणी करताना मी तिला विचारलं, "काय घेशील?" ती माझ्याकडे बघत राहिली. मी पंख्याकडे बघितलं. ती बघतच राहिली. सुकलालने चहा आणला, आम्ही दोघांनी प्यायला, कप खाली ठेवले, तरी ती गप्प. शेवटी एक गिऱ्हाईक आलं आणि घाईत मीच आकडा बोलून गेलो. ती म्हणाली, "ठीक आहे काका." पायरी उतरताना हसत होती. वीस वर्षांत दुकानात मला असं कुणी चीत केलं नव्हतं. घरी जाऊन मी बायकोला सांगितलं, "आज एक पोरगी आली आहे, माझ्यावरची निघाली." बायको भाकरी थापत होती, पाठमोरी. तिने काही उत्तर दिलं नाही.

ते उत्तर न देणं हिवाळ्यापासून चाललं होतं. मी काही बोलावं आणि तिने ओ देऊ नये. मुलगी सुरतेला दिली आहे, तिच्याकडे संक्रांतीला जायचं ठरलं होतं आणि लग्नसराईच्या मालामुळे मी ते रद्द केलं होतं. मी धरून चाललो की बाई रुसली आहे. आता रुसलेल्या माणसाशी मी काय करणार? मला येतं तेच केलं. मीही गप्प बसलो. म्हटलं, बघू आधी कोण बोलतं. घरात आम्ही दोघंच. चार महिने मी माझ्या बायकोशी सौद्याला बसल्यासारखा बसलो होतो, आणि तिला सौदा चालू आहे हेच ठाऊक नव्हतं. असा मूर्खपणा नोकरदार माणूस करणार नाही. तो विचारून टाकेल. भाव करण्यात आयुष्य घालवलेलाच करू शकतो.

बायको दुपारी डबा घेऊन दुकानात यायची. सुट्टीवालीला तिचे कान ओळखायला आठ दिवस लागले. आठव्या दिवशी तिने काय पाहिलं, काय विचारलं, दोघी मागच्या खोलीत साड्यांच्या घड्या घालत काय बोलल्या, मला माहीत नाही. मला एवढंच दिसलं की पोरगी दुसऱ्या दिवशी समोर येऊन उभी राहिली. "काका, बुधवारी सुट्टी हवी. कॉलेजचा फॉर्म भरायचा आहे." मी म्हटलं, "येऊन नऊ दिवस नाही झाले आणि सुट्टी? सुट्टीत पण सुट्टी?" ती म्हणाली, "रविवारी भरून देईन." त्याच रात्री जेवताना बायको म्हणाली, "बुधवारी रावेरला माहेरी जाऊन येते, मावशी आजारी आहे." मी म्हटलं, जा. दोन माणसं एकाच दिवसाची रजा मागतात आणि मला, ज्याला गिऱ्हाइकाच्या चपलेवरून त्याच्या खिशाचा अंदाज येतो, काही खटकलं नाही. दोघी एकाच गाडीने रावेर ओलांडून जळगावला गेल्या होत्या, कानाच्या डॉक्टरकडे. डॉक्टरने सांगितलं, आतली नस सुकत चालली आहे, मशीन लावलं तरी थोडेच दिवस निघतील, वर्षाच्या आत सगळं जाईल. हे मला पुढे कळलं. तेव्हा मी बुधवारभर सुकलालवर ओरडत होतो, की दुकानात माणूस नाही.

त्यानंतर पोरीने कामाचा धडाका लावला. माझ्याकडे मागच्या कपाटात बराच माल पडून होता: जुन्या डिझाइनच्या, गडद रंगांच्या साड्या. बायकांनी हात लावून सोडून दिलेल्या. ती म्हणाली, "काका, हा मी विकला तर?" मी म्हटलं, "विकलास तर मागशील ते." ती हसली. तिने आपल्या मैत्रिणींना त्या साड्या नेसवल्या, किल्ल्याच्या भिंतीशी, तापीच्या घाटावर उभं करून फोटो काढले आणि मोबाईलवर सोडले. तीन आठवड्यांत कपाट रिकामं. सुकलाल हातात रिकामा हँगर घेऊन उभा. "सेठ, लोक येड्यासारखे येऊन राहिले. ज्या साडीला मी दहा वर्षं नावं ठेवली ती लोक फोटो दाखवून मागून राहिले."

मी शब्दाचा पक्का. विचारलं, "बोल, काय पाहिजे?" माझ्या मनात होतं, मोबाईल मागेल, किंवा पगार वाढवून. ती म्हणाली, "दर गुरुवारी दुकान सहाला बंद. तुम्ही, काकू आणि मी बाहेर जायचं. कधी जेवायला, कधी एखाद्या कार्यक्रमाला. माझी सुट्टी संपेपर्यंत."

"हे काय मागणं झालं?"

"हेच."

"म्हणजे तुला माझ्या खर्चाने हॉटेलात खायचं आहे."

"हो," ती म्हणाली. "खूप चटोरी आहे मी."

"मास्तर घरी खायला घालत नाही का?"

"घालतात. पण रोज वरण-पोळी. कंटाळा येतो ना काका."

मी तिला सगळ्यांसमोर खादाड म्हटलं. सुकलाल हसला, दोन गिऱ्हाइकं हसली. तीही हसली. तो शब्द तिने सुट्टी संपेपर्यंत अंगावर वागवला, एकदाही झटकला नाही. आज तो आठवला की मला खुर्चीत बसवत नाही. पण त्यालाही तीच जबाबदार आहे. म्हणायची नाही का, काका, मी खादाड नाही?

पहिल्या गुरुवारी इंदूर रोडवरच्या एका एसी हॉटेलात गेलो. तीस वर्षांच्या संसारात मी बायकोला असं बाहेर जेवायला कधी नेलं नव्हतं. नेलं असेल ते लग्नाच्या पंगतीला. सुट्टीवालीने आधी सगळं हॉटेल फिरून पाहिलं, कोपऱ्यातलं, भिंतीजवळचं टेबल निवडलं, आणि वेटरला म्हणाली, "भैया, ये गाने जरा धीमे करो ना." मला वाटलं, पोरगी शायनिंग मारते. मग तिने आम्हाला बसवलं. काकू इथे, काका त्यांच्या डाव्या हाताला, ती स्वतः समोर. मी म्हटलं, मला दारापाशी बसू दे, फोन येतात. ती म्हणाली, "नाही, तुम्ही इथेच." पुढे प्रत्येक ठिकाणी तिने मला डावीकडेच बसवलं. बायकोचा डावा कान तेव्हा उजव्यापेक्षा बरा होता.

मेनूकार्डवर पापडाची किंमत पाहून माझं डोकं फिरलं. वेटरला विचारलं, "चार घेतले तर?" तो म्हणाला, "चार के पैसे लगेंगे." सुट्टीवाली टेबलाखालून पाय मारत होती. "काका, इथे फिक्स रेट असतो."

"फिक्स रेट असं काही नसतं. त्याला कमी करायला लावणारा अजून भेटलेला नसतो."

"तुम्ही सूपचा पण भाव करणार का?"

"आधी चव बघू दे."

बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मी शेवटी मॅनेजरला बोलावून एक पापड फुकट घेतलाच. पण खरं सांगायचं तर ते जेवण मला लांबलं. भाजी यायला वेळ, रोटी यायला वेळ. मी दोनदा उठून बाहेर चक्कर मारून आलो. पोरगी म्हणायची, "काका, एकदा बसून तर बघा." तिचं हे वाक्य पुढे मला इतक्या वेळा ऐकावं लागलं की सुकलालही म्हणू लागला.

जेवताना तिचा दुसरा नाद म्हणजे मला बोलतं करायचं. "काका, गठ्ठ्याच्या दिवसांची गोष्ट सांगा ना." मला वाटलं, पोरीला धंदा शिकायचा आहे. मी सांगायचो. एक गोष्ट तर चार वेळा सांगितली असेल. डोईफोडियाच्या बाजारात एक म्हातारी सकाळपासून एका हिरव्या लुगड्याचा भाव करत होती. यायची, हात लावायची, पाच रुपये कमी सांगायची, निघून जायची. मी काही बोललो नाही. बाजार उठला, म्हातारी रस्त्याला लागली, तरी तिने मागे वळून पाहिलं नाही. मी सायकल काढली, तिला गाठलं आणि तिच्या भावाने लुगडं दिलं. ती म्हणाली, "इतका पळत आला, म्हणजे अजून पाच कमी होतील." ही गोष्ट ऐकताना सुट्टीवाली हसायची आणि बायको माझ्या तोंडाकडे बघत राहायची. टक लावून. मी म्हटलंही एकदा, "अगं, तुला पाठ आहे ही." ती म्हणाली, "असू द्या. सांगा." मी घाईघाईत संपवायचो, कारण माझं लक्ष बिलाकडे असायचं.

एका गुरुवारी दुपारीच दुकान बंद करायला लावून ती आम्हाला कुंडी भंडाऱ्याला घेऊन गेली. जमिनीच्या पोटातून जुन्या काळी पाणी आणलं आहे, लिफ्टने खाली उतरून ते बघतात. मी बुऱ्हाणपुरात जन्म काढला आणि कधी उतरलो नव्हतो. त्या दिवशीही उतरलो नाही. जमिनीखाली फोनला रेंज नसते. मी वर एका बाईशी कैऱ्यांचा भाव करत उभा राहिलो. दोघी बराच वेळ वर आल्या नाहीत. आल्यावर बायको म्हणाली, "अहो, खाली सगळीकडून थेंब पडतात. प्रत्येकाचा आवाज वेगळा. तुम्ही या ना एकदा." मी म्हटलं, "पाणीच आहे ना? नळाला पण येतं." आणि कैऱ्या पिशवीत भरून मी गाडी चालू केली.

नाटकालाही गेलो. गावातल्याच हौशी मंडळींचं मराठी नाटक, शाळेच्या हॉलमध्ये. सुट्टीवालीने पहिल्या रांगेत जागा धरल्या होत्या, दुपारी चारला जाऊन, पिशव्या ठेवून. मी म्हटलं, पहिल्या रांगेत कशाला, मान दुखते. ती म्हणाली, "काकूंना पुढूनच आवडतं." दुसऱ्या अंकात मी उठून दाराला टेकून उभा राहिलो. पात्रं आपसात जमिनीच्या तुकड्यावरून भांडत होती आणि एकालाही तो सौदा धड करता येत नव्हता; मला ते बघवेना. तिथून मला दोघींच्या पाठी दिसत होत्या. अधूनमधून सुट्टीवाली बायकोकडे वळून ओठ हलवत होती. मला वाटलं, चकाट्या पिटतात. नाटकातलं निसटलेलं वाक्य ती तिला परत सांगत होती.

आणि मग तिच्या सुट्टीतला शेवटचा गुरुवार. त्याच शाळेच्या हॉलमध्ये गाण्याचा कार्यक्रम होता. बाहेरगावची एक गायिका, पन्नाशीची, दोन साथीदार. मोठं नाव नव्हतं. तिकीट होतं. बायकोने ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती, आणि घरून निघताना मला म्हणाली, "आज तेवढा फोन घरी ठेवाल का?" तीस वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं असेल तर बोटांवर मोजावं लागेल. मी म्हटलं, "सुरतेवाल्याशी दिवाळीच्या मालाचं बोलणं अडलं आहे, आज त्याचा फोन येणार. आला तर दोन मिनिटं बाहेर जाईन." ती बरं म्हणाली.

फोन पहिल्या गाण्यातच आला. मी बाहेर गेलो. समोरचा गप्प बसला. मीही गप्प बसलो. दोघंही फोन कानाला लावून शाळेच्या आणि सुरतेच्या अंगणात उभे. मग तो थोडा खाली आला, मग मी तोडल्यासारखं केलं, मग त्याने परत लावला. पाऊण तास गेला. आतून गाण्याचा आवाज येत होता, पण मी एका कानात बोट घातलं होतं, भाव नीट ऐकू यावा म्हणून. शेवटी मी नगामागे चार रुपये उतरवून घेतले. आत गेलो तर लोक उठून टाळ्या वाजवत होते. माझ्या खुर्चीवर सुट्टीवालीने आपली ओढणी ठेवली होती, कुणी बसू नये म्हणून. तिने ती उचलली. बायको उभी नव्हती. सगळा हॉल उभा आणि ती एकटी बसलेली, दोन्ही हात मांडीवर.

"संपलं?" मी विचारलं.

"संपलं," सुट्टीवाली म्हणाली.

"चार रुपये उतरवले त्याने."

ती माझ्याकडे बघत राहिली. पगाराच्या बोलणीच्या दिवशी बघितलं होतं तसंच, पण या वेळी हसली नाही. पोरी, तेव्हा तरी बोलायचं होतंस. अजूनही उशीर झाला नव्हता. गायिका अजून स्टेजवर होती, लोक आणखी एक म्हणा म्हणत होते, तंबोरा अजून गवसणीत गेला नव्हता. तू एक वाक्य बोलली असतीस तर मी त्या बाईच्या पाया पडून तिला पुन्हा बसवलं असतं. पैसे मोजून बसवलं असतं.

दोन दिवसांनी ती इंदूरला गेली. जाताना बायकोच्या गळ्यात पडून रडली, माझ्या पाया पडली. मी तिला एक साडी दिली. किंमत सांगत नाही. फक्त एवढं सांगतो की ती कपाटातल्या पडून राहिलेल्या मालातली नव्हती. सुकलाल म्हणाला, "सेठ, दुकान सुनं सुनं होऊन राहिलं." मी त्याला कामाला लावलं. पण मीही त्या दुपारी चार वेळा पायरीवर जाऊन रस्ता बघून आलो.

दिवाळी गेली. थंडीतल्या एका सकाळी मी काहीतरी विसरलं म्हणून दुकानातून घरी परतलो. बायको स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून डाळ निवडत होती. मी उंबऱ्यात उभा राहून विचारलं, "माझं पावतीपुस्तक कुठे आहे?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं, जरा चढ्या आवाजात. उत्तर नाही. मला राग आला आणि राग आला की मी जे करतो ते केलं. गप्प उभा राहिलो. बोलू दे आधी तिला. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. तिच्यापासून हातभर अंतरावर. ती डाळ निवडत राहिली. दुसरी झाली. तिसरी झाली. पाचवी झाली, तरी तिची मान वर झाली नाही. मी पुढे जाऊन गॅस बंद केला, तेव्हा माझी सावली ताटात पडली आणि ती दचकून इतकी उडाली की डाळ घरभर झाली.

तिने कपाटातून कागद काढले. जळगावच्या डॉक्टरचे. मी ते वाचले, पुन्हा वाचले, वरची तारीख बघितली. तो बुधवार होता. आधी मी ओरडलो. मग लक्षात आलं की ओरडून उपयोग नाही. मग मी मुलीच्या शाळेतल्या जुन्या पाटीवर खडूने लिहिलं, मला का नाही सांगितलंस. ती बोलली. तिचा आवाज थोडा मोठा झाला होता, स्वतःचा अंदाज गेल्यासारखा.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही डॉक्टरशी भांडला असता. मग दुसऱ्या डॉक्टरकडे, मग तिसऱ्या. मग घरी येऊन माझ्याशी गोड बोलायला लागला असता. मला ते ऐकायचं नव्हतं. मला तुमचा रोजचा आवाज ऐकायचा होता. भांडणारा. तो किती दिवस ऐकू येतो ते बघायचं होतं."

मी पाटी पुसली. मग लिहून विचारलं, त्या शेवटच्या गुरुवारी काय गायली ती बाई. ती पाटी वाचून हसली. "आता कसं सांगू? आणि सांगून का तुम्हाला ते ऐकू येणार आहे?"

त्याच दुपारी मी सुट्टीवालीला फोन केला. ती म्हणाली, "काका, मी काकूंना शब्द दिला होता." मी तिला नको ते बोललो. बापाचा उद्धार केला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मी फोन ठेवला. तेव्हापासून तिचे मेसेज येतात, पाडव्याला, दसऱ्याला. मी उघडत नाही. बायको आणि ती मोबाईलवर समोरासमोर बोलतात, आवाज बंद करून, नुसत्या ओठांनी आणि हातांनी. अर्धा-अर्धा तास. मी आत गेलो की थांबतात. मला ती भाषा अजून नीट येत नाही. शिकतो आहे. सुकलालसुद्धा माझ्यापेक्षा पुढे आहे.

बायकोचं मी मान्य केलं आहे. कान तिचे, तिने काय ऐकायचं ते तिने ठरवलं. तिच्याशी माझं भांडण नाही. पण पोरी, तू कोण होतीस? तू आम्हा दोघांच्या मध्ये होतीस. धंद्यात जो मध्ये असतो त्याने माल दोन्ही बाजूंना दाखवायचा असतो, एका बाजूला दाखवून दुसऱ्याकडून झाकायचा नसतो. ही रीत तुला मी दुकानात शिकवली होती. तू एका बाजूचा शब्द पाळलास आणि दुसऱ्या बाजूला पापडाचा भाव करत बसू दिलंस. काकूंना शब्द दिला होता, एवढं मला पुरत नाही. माझ्या हातातून काय जात आहे हे मला न सांगता ते जाऊ द्यायचा हक्क तुला कुणी दिला?

आणि तो पाऊण तास. मी बाहेर होतो, बायको सांगत नाही, गायिका कुठल्या गावची हेही आता कुणाला आठवत नाही. आत, बायकोच्या शेजारी, तू एकटी होतीस. पहिलं गाणं कोणतं होतं, शेवटचं कोणतं होतं, ती कुठे हसली, कुठे तिने डोळे मिटले, लोक उठले तेव्हा ती का उठली नाही, हे सगळं तुझ्याकडे आहे आणि ते माझं आहे. ते ठेवून घ्यायला तुला कुणी सांगितलं नव्हतं. मला जबाब पाहिजे.